छोटं काडतूस, लांब चेंबर: नेम कुठे बिघडतो?

मे महिन्यातला रविवार. सकाळचे साडेसात वाजले होते आणि जळगावच्या आमच्या रेंजवरचा पत्रा तेव्हाच तडतडायला लागला होता. यावलकडचे एक आप्पा आले. केळीवाले. वडील गेल्यावर त्यांच्या रिव्हॉल्व्हरचं लायसन रीतसर स्वतःच्या नावावर करून घेतलेले. गळ्यातल्या बागायती रुमालाची गाठ सोडून त्यांनी पुठ्ठ्याची एक जुनी पेटी टेबलावर ठेवली. आत वीस-बावीस काडतुसं. रिव्हॉल्व्हर होतं .३२ लाँगचं, नळीवर तसं कोरलेलंच होतं. पेटीतली काडतुसं मात्र आखूड, जुन्या .३२ शॉर्टची.

आप्पा म्हणाले, "भाऊ, ह्या गोळ्या चालतीन का यात? आन् चालल्या तं नेम लागीन का?"

हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दोन्हींची उत्तरंही वेगळी आहेत. नेमबाजी शिकणारी पोरं हाच प्रश्न वेगळ्या मापात विचारतात: ".३५७ मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ स्पेशल मारलं तर गट पसरतो म्हणतात, खरं का?" गट म्हणजे कागदावर पडलेल्या भोकांचा घोळका. मी पेशाने टूलरूमवाला. एमआयडीसीत पंचवीस वर्षं बोअर मोजण्यात गेली आणि सुट्टीच्या दिवशी मी सेंटरफायर, म्हणजे बुडाच्या मध्यावर पेटणारी काडतुसं, मारतो. हा प्रश्न भोकांच्या मापाचा आहे, म्हणून तो मला मनापासून आवडतो.

काडतूस म्हणजे पितळेची पुंगळी, तिच्या पोटात दारू आणि तोंडात गोळी. आधी एक शंका फेडू. आखूड काडतूस लांब भोकात बसतंच कसं? पुढे सरकून पडत का नाही? कारण रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते, तिला रिम म्हणतात. ही रिम सिलिंडरच्या, म्हणजे काडतुसं भरायच्या फिरत्या नळकांड्याच्या, मागच्या तोंडावर टेकते. मडक्यावर झाकण जसं काठावर टेकतं तसं. काडतूस किती खोल बसायचं हे रिम ठरवते, पुढची लांबी ठरवत नाही. पिस्तुलाचं गणित उलटं आहे. तिथे बहुतेक काडतुसांच्या पुंगळीचं तोंड चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या भोकाच्या, आतल्या पायरीवर टेकतं, म्हणून आखूड काडतूस पिस्तुलात घालायचा विचारही करू नये. ही मुभा फक्त रिमवाल्यांना.

तीही एकाच घराण्यातल्यांना. .३८ स्पेशल निघालं १८९८ मध्ये, त्याची पुंगळी २९.३ मिमी लांब. १९३५ साली त्याच जाडीचं .३५७ मॅग्नम आलं, पुंगळी ३२.८ मिमी. गोळीची जाडी दोघांची एकच, ९ मिमीच्या किंचित वर. नावात ३८ आणि ३५७ असा फरक आहे तो जुन्या सवयीचा. ३८ हे पुंगळीच्या बाहेरच्या जाडीवरून पडलेलं नाव, तर .३५७ इंच हे गोळीचं खरं माप. मॅग्नमची पुंगळी साडेतीन मिमीने लांबवली ती दारू मावत नव्हती म्हणून नव्हे. जुन्या, हलक्या .३८ रिव्हॉल्व्हरमध्ये हे दांडगं काडतूस चुकूनही बसू नये म्हणून ती मुद्दाम लांब केली. म्हणजे आजचा आपला प्रश्न जन्मला तो सुरक्षेच्या सोयीतून. तसंच .४४ स्पेशल १९०७ चं आणि .४४ मॅग्नम १९५५ चं. आप्पांच्या हातातली जोडी तर त्याहून जुनी: .३२ शॉर्ट १८७८ चं, .३२ लाँग १८९६ चं.

इथे नावाचा एक सापळा आहे आणि तो जिवावर बेतू शकतो. नुसतं ".३२" किंवा ".३८" वाचून काडतूस भरायचं नाही. पिस्तुलाचं .३२, म्हणजे ७.६५ मिमी ब्राउनिंग, हे .३२ लाँगच्या चेंबरमध्ये ढिलं का होईना बसतं. पण त्याचा दाब बराच जास्त असतो. तसंच .३८ स्मिथ अँड वेसन आणि .३८ स्पेशल ही दोन वेगळी काडतुसं आहेत. पहिल्याची पुंगळी आखूड असूनही जाड आणि गोळीही जाड. नळीवर जे पूर्ण नाव कोरलंय ते आणि काडतुसाच्या बुडावरचं पूर्ण नाव, दोन्ही वाचा. आणि उलटा प्रयोग, म्हणजे आखूड चेंबरमध्ये लांब काडतूस, कधीच नाही. ते बसत नाही म्हणून भोक वाढवून घेणारी माणसं असतात. आमच्या व्यवसायातल्या कोणीही ते काम हातात घेऊ नये.

आता नेमाकडे वळू.

सिलिंडरमधलं प्रत्येक भोक बाहेरून सरळसोट दिसतं, पण आत ते दोन मापांचं असतं. मागचा भाग पुंगळीच्या जाडीचा. हा चेंबर, .३५७ मध्ये साधारण ९.६५ मिमीचा. पुढचा भाग गोळीच्या जाडीचा, साधारण ९.१ मिमी. त्याला थ्रोट म्हणतात, आपण घसा म्हणू. दोन्ही मापं जिथे भेटतात तिथे एक छोटी पायरी. लेथवाल्याला सांगायचं तर हे काउंटरबोअर केलेलं भोक. घसा संपला की सिलिंडर संपतं. मग ०.१ ते ०.२ मिमीची फट, जिच्याशिवाय सिलिंडर फिरणारच नाही. फटीपलीकडे नळी. नळीचं तोंड तिफणीच्या चाड्यासारखं आत निमुळतं होत जातं, म्हणजे थोडी इकडेतिकडे आलेली गोळीही मध्यावर ओढली जाईल. चाड्याच्या पुढे आटे, म्हणजे नळीच्या आतल्या पिळदार खाचा, सुरू होतात आणि आटे गोळीला फिरवतात.

मॅग्नम काडतूस भरलं की त्याच्या पुंगळीचं तोंड बरोबर त्या पायरीपाशी येतं. गोळी पुंगळीतून निघाली की थेट घशात. .३८ भरलं की पुंगळीचं तोंड पायरीच्या साडेतीन मिमी मागे राहतं. मधल्या तेवढ्या पट्ट्यात गोळीभोवती पुंगळी नाही आणि घसाही नाही. भोक ९.६५ चं, गोळी ९.१ ची. अर्ध्या मिमीहून थोडी जास्त मोकळी जागा. माझ्या कामात अर्धा मिमी ढिलाई म्हणजे जॉब भंगारात. म्हणूनच ऐकणाऱ्याला वाटतं की गोळी त्या मोकळ्या पट्ट्यात डगमगत असणार, वाकडी होऊन घशावर आदळत असणार. नेमबाजांत या पट्ट्याला "उडी" म्हणतात, आणि माझ्या मते सगळी गफलत या शब्दाने केली आहे. उडी म्हटलं की डोळ्यासमोर दोन्ही पाय अधांतरी असलेला माणूस येतो.

शेतातली चारी डोळ्यासमोर आणा. चारी एक हात रुंद आहे आणि तुम्ही चार हात लांबीची फळी या काठावरून पलीकडे सरकवताय. फळीचं पुढचं टोक पलीकडच्या काठावर टेकतं तेव्हा तीन हात फळी अजून अलीकडेच असते. ती मध्ये कुठे पडणार? तिचा कल जायला वावच नाही. गोळीचंही तेच. टार्गेटसाठी वापरतात ती .३८ ची चपट्या तोंडाची गोळी, वॅडकटर म्हणतात तिला, १५-१६ मिमी लांब असते. ती पुंगळीत पूर्ण आत दाबलेली असते, तोंडाबरोबर सपाट. म्हणजे या प्रश्नासाठी सर्वांत वाईट उदाहरण, कारण तिचं नाकही पुढे आलेलं नसतं. ती साडेतीन मिमी सरकते तेव्हा तिचं पुढचं तोंड घशात शिरतं, आणि बारा मिमी शेपूट अजून पुंगळीत. आणखी पुढे चला. घसा ७ ते ९ मिमीचा. पट्टा आणि घसा मिळून अकरा-बारा मिमी. गोळी सोळाची. म्हणजे तोंड नळीच्या चाड्यात पोचतं तेव्हाही शेपूट पुंगळीत आहे! एका क्षणी तिला तीन ठिकाणी आधार आहे. यात उडी कुठे आली?

पुंगळीचा आधार तरी पक्का असतो का, असं कोणी विचारेल. दारू पेटली की पितळ फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटतं आणि गोळी त्यात मोकळी होते, हे खरं. पण ते फुगणं एक-दोन थाऊचं (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे ०.०३ ते ०.०५ मिमीचं. अर्ध्या मिमीच्या मानाने ते काहीच नाही.

गोल नाकाची १५८ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) नेहमीची गोळी तर आणखी सुरक्षित. पूर्ण काडतुसाची कमाल लांबी .३८ ला ३९.४ मिमी आणि .३५७ ला ४०.४. पुंगळीत साडेतीन मिमीचा फरक असला तरी नाकाच्या टोकात फरक फक्त एका मिमीचा. चाप ओढायच्या आधीच .३८ चं नाक घशात सहा मिमी शिरून बसलेलं असतं.

म्हणून त्या पोरांना माझं उत्तर असं: .३५७ मध्ये .३८ मारल्याने त्या साडेतीन मिमीपायी तुमचा गट पसरत नाही. पसरत असेल तर कारण दुसरीकडे शोधा.

पण हेच उत्तर आप्पांना देता आलं नाही. त्यांच्या जोडीचं माप काढलं आणि चारी एकदम रुंद झाली. .३२ शॉर्टची पुंगळी साडेपंधरा मिमी, .३२ लाँगची २३.४. मधला उघडा पट्टा जवळजवळ आठ मिमीचा. गोळी ८५ ग्रेनची, छोटी. शिशाच्या वजनावरून आणि जाडीवरून हिशेब केला तर लांबी ११-१२ मिमी येते. काडतुसाची पूर्ण लांबी साडेतेवीसच्या आसपास, म्हणजे भरल्यावर नाक जेमतेम पायरीपाशी. आणि पुंगळीच्या पकडीत असलेलं शेपूट? साडेतीन-चार मिमी. गोळी चार मिमी सरकली की शेपूट सुटलं. तेव्हा घशात गेलंय ते फक्त गोल नाक, जे घशापेक्षा बारीक आहे आणि भिंतीला टेकतच नाही. मागचा काठ सुटला, पुढचा अजून लागला नाही. इथे मात्र फळी खरोखर अधांतरी आहे. इथे "उडी" हा शब्द बरोबर बसतो.

म्हणून काडतूस किती आखूड आहे एवढंच पाहून भागत नाही. दोन मापं पाहायची: उघडा पट्टा किती, आणि गोळीचं शेपूट पुंगळीत किती. शेपूट पट्ट्याहून चांगलं लांब असेल तर निश्चिंत राहा. शेपूट आखूड पडलं तर गोळी तिरकी व्हायला जागा मिळाली.

थोडी तिरकी झाली तर काय होतं? शिसं मऊ. तिरकी गोळी घशात आणि आट्यांत तशीच कोंबली जाते, तिरकीच घासली जाते. मग तिचा वजनाचा मध्य आणि फिरण्याचा आस एका रेषेत राहत नाहीत. लेथच्या चकमध्ये जॉब मध्यावरून सरकलेला असला की मशीन कसं थरथरतं ते पाहिलेल्याला अधिक सांगायला नको. चकमध्ये जॉब निदान धरलेला असतो. नळीच्या तोंडाबाहेर गोळीला धरणारं कोणी नाही. गोफणीतून दगड सुटावा तशी ती त्या क्षणी ज्या बाजूला झुकलेली असेल त्या बाजूला थोडी ढकलली जाते.

किती ढकलली जाते, हे वहीत बसून काढता येतं. एका नामांकित .३५७ रिव्हॉल्व्हरच्या नळीत आटे पावणेएकोणीस इंचांत एक फेरा घेतात, म्हणजे ४७६ मिमीत एक. पंचवीस मीटर जाईपर्यंत गोळी साडेबावन्न वेळा फिरते. वजनाचा मध्य आसापासून फक्त ०.०५ मिमी सरकलेला असेल, वहीच्या कागदाच्या निम्म्या जाडीएवढा, तर पंचवीस मीटरवर गोळी जागा सोडते साधारण साडेसोळा मिमीने. गंमत म्हणजे या हिशेबात वेग येतच नाही. वेगवान गोळी जोरात ढकलली जाते, पण लवकर पोचते, दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. आता पंचवीस मीटरच्या अचूकतेच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ आहे ५० मिमी व्यासाचं. मध्यापासून काठ पंचवीस मिमी. साडेसोळा मिमी तिथे किती जागा खातात ते बघा. आणि दर गोळी वेगळ्या बाजूला झुकते, म्हणून साइट, म्हणजे नेम धरायची खूण, फिरवून ते दुरुस्त करता येत नाही.

तिरकेपणाच्या जोडीला गॅस. गोळी घशात घट्ट बसेपर्यंत पेटलेल्या दारूचा गॅस तिच्या कडेने पुढे निसटतो. मऊ शिशाच्या कडा तो कुरतडतो, आणि ते शिसं पुढे नळीत जाऊन बसतं. वॅडकटरच्या बुडाला वाटीसारखी खोलगट जागा ठेवतात ती यासाठीच. दाबाने वाटीचा काठ फुलतो आणि फट बुजते.

.२२ ची गोष्ट थोडी निराळी आहे, ती पटकन सांगून टाकतो. तिथेही शॉर्ट आणि लाँग रायफल (हेही काडतुसाचंच नाव) असे भाऊ आहेत, पण त्या गोळीची जाडी पुंगळीएवढीच असते, त्यामुळे उघड्या पट्ट्यातही ती फारशी ढिली नसते. अडचण येते ती आट्यांची. शॉर्टची २९ ग्रेनची गोळी संथ फेऱ्याच्या आट्यांत खुश असते, तर लाँग रायफलच्या नळीचा फेरा १६ इंचांत एक. रॅपिड फायरमध्ये, म्हणजे झटपट गोळ्या मारायच्या पिस्तूल प्रकारात, जगभरचे नेमबाज २००४ च्या ऑलिंपिकपर्यंत .२२ शॉर्टच मारायचे, पण त्यासाठी खास शॉर्टच्याच चेंबरची पिस्तुलं असत.

आता .३८ वर परत येतो. साडेतीन मिमी निर्दोष असेल, तर गट कोण बिघडवतं?

पहिला संशय घशावर. गोळी पुंगळीतून वेगळी काढलेली असेल तर ती रिकाम्या, साफ सिलिंडरमध्ये पुढच्या बाजूने घशात ठेवून पाहा. आपोआप घरंगळून गेली तर घसा ढिला. हातोडीशिवाय जाईना तर घसा तंग. पेन्सिलीच्या बुडाने हलकं ढकलल्यावर सरकली तर उत्तम. तंग घसा फार वाईट. तो गोळीला बारीक करून पुढे पाठवतो आणि मग ती नळीच्या आट्यांत सैल पडते. शिवाय सहा भोकांचे सहा घसे एकसारखे असतीलच असं नाही. पिन गेज, म्हणजे नेमक्या मापाची दांडी, घालून पाहिलं की एकाच सिलिंडरमध्ये दोन-तीन थाऊंचा फरक सापडतो. म्हणजे सहा गोळ्यांचा गट मारताना तुम्ही सहा वेगळ्या बंदुका मारताय. भोकांना मार्करने १ ते ६ आकडे घाला आणि एकाच भोकातून सगळ्या गोळ्या मारून पाहा. एका भोकाचा गट आवळला आणि सहांचा पसरला, तर काडतुसाला दोष देऊ नका.

दुसरा संशय भोक आणि नळी एका रेषेत येण्यावर. सिलिंडर फिरून जिथे अडकतं तिथे भोकाचा मध्य नळीच्या मध्यावर हवा. रिव्हॉल्व्हर रिकामं आहे हे दोनदा पाहा, घोडा ओढून अडकवा आणि सिलिंडर बोटांनी हळूच हलवून बघा. थोडी हालचाल असतेच, आणि ती चाड्याच्या उतारावर सामावून जाते. पण नळीच्या बाजूला शिशाचे शिंतोडे उडत असतील तर गोळीचा एक काठ तासला जातोय. तो तासलेला काठ त्या साडेतीन मिमीच्या पट्ट्याहून कितीतरी जास्त नुकसान करतो.

तिसरी गोष्ट उलट बाजूने आहे. पुष्कळ जण म्हणतात, आखूड काडतुसाची भानगड नको, मॅग्नमच्याच लांब पुंगळीत कमी दारू असलेली मवाळ काडतुसं मिळतात ती मारू. पण मोठ्या पुंगळीत चिमूटभर दारू म्हणजे मोठ्या डब्यात मूठभर तांदूळ. नळी खाली करून वर आणली तर दारू एका टोकाला, वर करून खाली आणली तर दुसऱ्या टोकाला. पेट घेण्याची तऱ्हा बदलते आणि वेग कमीजास्त होतो. .३८ च्या आखूड पुंगळीत तीच दारू जास्त ठाकठीक बसते. म्हणून मवाळ मारायचं असेल तर लांब चेंबरमध्येही .३८ च पुष्कळदा आवळ गट देतं. माझा कल स्पष्टपणे तिकडे आहे.

आणि चौथा संशय हातावर. .३८ चा धक्का मॅग्नमपेक्षा खूप कमी. दहाव्या गोळीनंतर मॅग्नमवाल्याचं मनगट धक्क्याची वाट पाहायला लागतं, चाप सुटायच्या आतच नळी खाली झुकते. हे मी रेंजवर नेहमी पाहतो. त्याच माणसाला त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ द्या, गट निम्म्यावर येतो. जसपाल राणा यांनी २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत सेंटरफायरमध्ये ६०० पैकी ५९० मारून जागतिक विक्रमाशी बरोबरी केली. साठ गोळ्यांत फक्त दहा गुण गेले. एवढा स्थिर हात असलेल्याला साडेतीन मिमीचा हिशेब विचारायचा हक्क आहे. बाकीच्यांनी आधी मनगट सांभाळावं.

काडतूस बदललं की गोळ्या कागदावर दुसऱ्याच ठिकाणी लागतात, वर किंवा खाली. ते पाहून "नेम गेला" म्हणू नका. गट कुठे पडला आणि गट केवढा आहे, या दोन वेगळ्या गोष्टी. जागा साइटच्या स्क्रूने बदलते. आकार स्क्रूने बदलत नाही.

स्वतः तपासायचं असेल तर वाळूच्या पिशवीवर हात टेकवून, एकाच भोकातून, एकाच वजनाची गोळी दोन्ही पुंगळ्यांतून मारा. आळीपाळीने, म्हणजे नळी तापल्याचा आणि हात थकल्याचा भार दोघांवर सारखा पडेल. आणि पाच गोळ्यांवर निकाल देऊ नका. तेच रिव्हॉल्व्हर, तेच काडतूस, तोच माणूस, पाच-पाच गोळ्यांचे दहा गट मारा. त्यातला सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा यांत दुपटीचा फरक सहज निघतो, आणि काहीही बदललेलं नसतं. एक गट पाहून "आखूडने पसरलं" म्हणणाऱ्यांचं मी ऐकून घेतो, पण मानत नाही. निदान चाळीस-पन्नास गोळ्या दोन्ही बाजूंनी पडू द्या.

त्या रविवारी आप्पांच्या पेटीतली काडतुसं आधी एकेक उन्हात धरून पाहिली. हिरवं चढलेली, तोंडाशी चिरलेली बाजूला काढली. चांगली दिसणारी सहा घेतली. आप्पांना सांगितलं, आवाज दबका आला तर थांबायचं, नळीत गोळी अडकली नाही ना ते पाहिल्याशिवाय पुढची मारायची नाही. सहाही उडाली, आणि कागदावर चांगलीच पसरली. यावरून मी उडीचा निवाडा करणार नाही. ती दारू कित्येक मे महिने पत्र्याच्या घरातल्या ट्रंकेत तापून निघालेली होती, तिचाही त्यात वाटा असणारच. पण मापांनी जे सांगितलं होतं त्याच्या विरुद्धही काही दिसलं नाही.

मग क्लबमधली ताजी .३२ लाँग दिली. पहिलंच काडतूस आत गेलं आणि नखाएवढं बाहेर राहिलं. दुसरं तसंच, तिसरंही. आप्पा अंगठ्याने दाबायला लागले तसा मी त्यांचा हात धरला. सिलिंडर रिकामं करून उजेडाकडे धरलं आणि त्यांना आत बघायला लावलं. चेंबरमध्ये मध्यावर एक काळं कडं होतं. आखूड पुंगळीचं तोंड जिथे संपतं, बरोबर तिथून पुढे, काजळी आणि शिशाचा कडक थर. आखूड काडतुसांचा खरा, हमखास त्रास हाच. प्रत्येक गोळीगणिक हा थर चढत जातो. मग लांब पुंगळी त्यावर अडते. आणि जोर लावून बसवलीच, तर थर तिचं तोंड आवळून धरतो, गोळी सुटायला वेळ लागतो आणि दाब नको तितका वाढतो. म्हणून आखूड मारून झालं की लांब भरायच्या आधी चेंबर घासायचंच.

आप्पांना वाटलं हे आत्ताच्या सहा गोळ्यांनी झालं. मी म्हटलं, सहा गोळ्यांनी एवढा थर येत नाही. हा वर्षानुवर्षांचा आहे.

आप्पा बराच वेळ भोकातून बघत राहिले. "म्हंजे बाबा ह्याच मारायचे," ते म्हणाले. "आम्हाले वाटे त्यांनी कधी उडवलंच नाही."

सॉल्व्हंट घालून सिलिंडर अर्धा तास ठेवलं. चेंबरला घट्ट बसेल असा, एक नंबर मोठा पितळी ब्रश घेतला. पॉलिश पेपर किंवा स्टीलची कानस तिथे लावायची नसते, चेंबरचं माप जातं. एकेका भोकाला वीस-पंचवीस हात मारले. पांढऱ्या चिंधीवर आधी काळं, मग राखाडी, मग शिशाचे चमकते कण आले. सहाव्या भोकाची चिंधी कोरी निघाली तेव्हा आप्पांनी स्वतः एक ताजं लाँग उचललं, भोकावर धरलं आणि सोडून दिलं. ते आपल्या वजनाने आत गेलं आणि रिम काठावर टेकल्याचा बारीक आवाज झाला.